बाप-लेकाचा चार मिनिटांचा प्रसंग: कागद, तालीम, कॅमेरा आणि आवाज

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एक लघुपट होतोय. यंत्रमागाच्या शेडमध्ये बाप आणि मुलगा यांचा ४ मिनिटांचा संवाद आहे. मुलाला माग विकून पुण्याला जायचंय. दोन्ही नट राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेले, पाठांतर चोख. तरी चाचणी म्हणून मोबाइलवर घेतलं तेव्हा दोघं धडा म्हणून दाखवताहेत असं वाटलं. हाताशी एक फुलफ्रेम कॅमेरा, ५० आणि ८५ मिमीच्या दोन लेन्स, एक बूम (लांब काठीवरचा माईक), दोन लेपल (कपड्यांना लावायचे) माईक आणि एकच दिवस आहे. प्रसंगाची सुरुवात अशी:

बाप: तुझ्या आजोबांनी कर्ज काढून हे माग घेतले. माझी उभी हयात यांच्यावर गेली. आणि आज तू ते विकायला निघालास?
मुलगा: अप्पा, या धंद्यात आता काही राहिलेलं नाही. मलाही माझं आयुष्य आहे. मी पुण्याला जाणार.

उत्तर:

दोष नटांचा कमी आणि कागदाचा जास्त आहे. या दोन वाक्यांत प्रेक्षकाला सगळं कळलं. आजोबा, कर्ज, हयात, पुणे, काही शिल्लकच राहिलं नाही. पुढची साडेतीन मिनिटं दोघं तेच वेगवेगळ्या शब्दांत बोलणार. शिवाय जे ते एकमेकांना सांगताहेत ते दोघांनाही आधीपासून ठाऊक आहे. माग कोणी घेतले हे मुलाला जन्मापासून माहीत आहे. बाप ते मुलाला सांगत नाही, प्रेक्षकाला सांगतोय. समोरच्याला माहीत असलेली गोष्ट नटाला बोलायला लावली की त्याचा आवाज आपोआप भाषणाचा होतो आणि ऐकणारा नट रिकामा उभा राहतो, कारण त्याच्यापर्यंत नवीन काही पोचतच नाही.

गाजलेले संवाद आपण बोलणाऱ्याच्या नावाने लक्षात ठेवतो, पण ते चालतात ऐकणाऱ्याच्या जिवावर. ‘दीवार’ (१९७५) मधली पुलाखालची दोन भावांची भेट घ्या. अमिताभ बच्चन बंगला, गाडी, बँक बॅलन्स अशी यादी वाचतो आणि तुझ्याकडे काय आहे म्हणून विचारतो. शशी कपूरचं उत्तर चार शब्दांचं. ते चार शब्द एरवी कुणी उच्चारले तर साधे आहेत. त्यांच्याआधी लांबलचक यादी आहे, प्रश्न आहे, आणि उत्तर ज्याच्यावर जाऊन आदळतं तो माणूस समोर उभा आहे. लिहिणाऱ्यांनी मोठी वाक्यं हरणाऱ्याला दिली. आपल्याकडे हटकून उलटं होतं: ज्याची बाजू खरी त्याच्या तोंडी भाषण आणि समोरच्याला ‘पण’ एवढंच.

म्हणून कागदावर आधी ठरवा की प्रसंगात नवीन काय कळतं आणि ते कुणाला कळतं. तुमच्या गोष्टीत सगळ्यात मोलाची बातमी माझ्या मते अशी असू शकते: मुलगा सांगायला आलाय, पण बापाला ते आधीच कळलंय. मग आजोबा, कर्ज, हयात यांपैकी एकही शब्द लागत नाही. आणि दोघांच्या हातात काम द्या. सोलापुरात याला शोधावं लागत नाही, चादर आहेच. दोघं मिळून चादरीची घडी घालताहेत:

बाप: टोक धर.
मुलगा: अप्पा, जरा बोलायचं होतं.
बाप: टोक म्हणलं. मध्ये नको धरू.
(घडी.)
बाप: किती देतोय?
मुलगा: कोण?
बाप: भंगारवाला.
(घडी.)
मुलगा: किलोवर म्हणतोय.
बाप: मग हिला पण काट्यावर टाक.

हे असंच घ्या असं नाही, पण यातला हिशेब पाहा. ‘किती देतोय’ला मुलाच्या पायाखालची जमीन सरकते आणि तो ‘कोण?’ म्हणून वेळ काढतो. ‘कोण?’ हा शब्द नटाला फुकट अभिनय देतो, कारण तो खोटा आहे आणि तो खोटा आहे हे दोघांनाही माहीत आहे. ‘भंगारवाला’नंतरच्या घडीत कुणी काहीच बोलत नाही, आणि प्रसंगाचा जीव तिथे आहे.

घडीचं गणितही कामाचं आहे. ६० बाय ९० इंचांची चादर दोघांनी लांबीच्या टोकांना धरली की त्यांच्यात साडेसात फूट अंतर पडतं. आधी रुंदीची घडी, तेव्हा दोघं जागेवरच. मग लांबीची: दोघांना चालत येऊन हात भिडवावे लागतात. एक जण आपलं टोक दुसऱ्याच्या हातात देतो, खाली लोंबणारी घडी उचलतो आणि पुन्हा पावणेचार फूट मागे जातो. मग परत जवळ. म्हणजे साडेसात फुटांवर सुरुवात, शून्य, पावणेचार, पुन्हा शून्य. दोन वेळा त्यांना मनात नसताना एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर यावंच लागतं. ‘भंगारवाला’ पहिल्या भेटीवर ठेवा आणि ‘काट्यावर टाक’ दुसऱ्या भेटीवर, चादर मुलाच्या छातीशी देताना. दिग्दर्शकाने ‘आता जवळ ये’ असं सांगावं लागत नाही. नट उगाच येरझाऱ्या घालतात तो त्रासही संपतो.

भाषेबद्दल एकच. सोलापूरची बोली पुसून पुण्याची करू नका. ‘काय करालास बे’ म्हणणारा मुलगा बापासमोर ‘तुम्ही मला समजून घ्या’ असं बोलायला लागला की प्रेक्षकाला लगेच लेखक दिसतो. ‘सैराट’ (२०१६) ने आपल्याच जिल्ह्यातली करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी ठेवली आणि ती महाराष्ट्रभर कळली. कुटुंब शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं असेल, तर बाप रागात तेलुगूत जातो आणि मुलगा मुद्दाम मराठीत उत्तर देतो, एवढ्यातही भांडण दिसेल. मात्र ती भाषा घरात बोलणाऱ्या माणसाकडूनच वाक्यं तपासून घ्या.

आता तालीम. स्पर्धेतले नट पाठांतराबरोबर वाक्याची चालही पाठ करतात. कुठे वर जायचं, कुठे थांबायचं, सगळं ठरलेलं. हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं तर ते हवंच. दोन फुटांवरच्या माईकसमोर तीच चाल पाठांतर म्हणून ऐकू येते. ती मोडायला दोन बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत दोघांनी जमिनीवर बसून किराण्याची यादी वाचावी तसं सपाट वाचायचं, भावना बंद. दुसऱ्या बैठकीत चादर घेऊन, काम खरंच नीट करत, वाक्यं कामाच्या मध्ये येतील तशी. घडी वाकडी झाली तर उलगडून पुन्हा. हात गुंतले की चाल आपोआप तुटते. एकदा भूमिका बदलूनही वाचून घ्या. मुलाच्या नटाला बापाची वाक्यं बोलल्यावर कळतं की आपण कुठे ऐकत नव्हतो.

आवाज कमी करा असं नुसतं सांगितलं तर ते पुटपुटायला लागतात आणि शब्दांची शेवटची अक्षरं गिळतात. त्याऐवजी सांगा, शेडच्या पलीकडच्या खोलीत आई झोपलीये आणि तिला ऐकू जाता कामा नये. शब्द स्पष्ट राहतात, आवाज खाली येतो, वर दोघांना लपवायला काहीतरी मिळतं. दोन टेकच्या मध्ये ‘जास्त दुःखी हो’ असलं काही बोलू नका. क्रियापद द्या: त्याला थांबव, टाळ, पकड, माफ करून टाक. आणि कधीतरी एकालाच बाजूला घेऊन सांगा, दुसऱ्याला कळू न देता. बापाला सांगा, ‘या टेकला तू त्याला आधीच जाऊ दिलंयस.’ मुलाला काही सांगायचं नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे येईल ते तालमीत मिळणारं नव्हतं. त्याच कारणासाठी तालीम शंभर टक्के पुरी करू नये. शेवटच्या घडीनंतरची शांतता तालमीत एकदाही रंगवू नका, ती कॅमेऱ्यासाठी राखा.

कॅमेरा. ‘हीट’ (१९९५) मध्ये अल पचिनो आणि रॉबर्ट डी निरो हॉटेलात समोरासमोर बसतात, तो प्रसंग मायकेल मानने दोन कॅमेरे एकाच वेळी दोघांच्या खांद्यांवरून लावून घेतला. कारण साधं: एकाने मान इंचभर हलवली की दुसरा त्याला जे उत्तर देतो ते त्याच टेकमध्ये दोन्हीकडून हवं होतं. तुमच्याकडे एकच कॅमेरा आहे, तेव्हा हे काम क्यू देणाऱ्या, म्हणजे कॅमेऱ्यामागून आपली वाक्यं बोलणाऱ्या नटाला करावं लागेल. कॅमेऱ्यामागचा नट चहा पीत कागद वाचत असेल तर समोरच्याचा क्लोज मेला म्हणून समजा. त्याने लेन्सला चिकटून, कॅमेऱ्यातल्या नटाच्या नजरेच्या उंचीवर उभं राहून पूर्ण जीव लावून क्यू द्यायचा. सहायकाने क्यू वाचणे हा प्रकार या प्रसंगात नकोच.

क्रम असा ठेवा. आधी मास्टर: दोघं बाजूने, पूर्ण घडी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. साडेसात फूट अंतर आणि बाजूची जागा धरून चौकटीत १० फूट रुंदी हवी. ५० च्या लेन्सने त्यासाठी कॅमेरा सुमारे १४ फूट मागे जातो. मागांच्या ओळींमध्ये तेवढी मोकळी जागा नसेल तर एका दिवसासाठी ३५ ची लेन्स भाड्याने आणा, १० फुटांत भागेल. मास्टरचे तीन टेक बास. पण त्यातला एक पुरता चांगला हवा, कारण प्रसंगाचा निम्मा भाग तुम्ही कदाचित त्यातच ठेवाल. ‘कोर्ट’ (२०१४) पाहिला असेल तर कळेल की कॅमेरा लांब, स्थिर ठेवूनही माणसं पुरती दिसतात. क्लोजची घाई टीव्ही मालिकांनी लावलेली सवय आहे.

मग एका बाजूची सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून घेतलेला शॉट) आणि तिथेच क्लोज, दिवे न हलवता. त्यानंतर फिरून दुसरी बाजू. आधी कुणाचा? जो नट टेक वाढले की शिळा होतो त्याचा. दोघं सारखेच असतील तर मुलाचा, कारण वळण त्याच्या चेहऱ्यावर आहे. सजेशनला ५०, क्लोजला ८५ आणि पाच फूट अंतर, दोन्ही बाजूंना तेच माप. एकाचा क्लोज पाच फुटांवरून आणि दुसऱ्याचा सात फुटांवरून घेतला तर एक माणूस मोठा, एक लहान दिसतो आणि प्रेक्षकाला न कळता खटकतं. मुद्दाम करायचं असेल तर करा, टेप न लावल्यामुळे होऊ देऊ नका. उंचीही मोजा: लेन्स ज्याचा क्लोज त्याच्या डोळ्यांच्या रेषेत. बाप उंच असेल तर त्याची नजर किंचित खाली आणि मुलाची किंचित वर, हा फरक दोन्ही शॉटमध्ये टिकला पाहिजे.

क्लोजला ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडायचा मोह टाळा. ८५ ने पाच फुटांवर एफ १.८ ला जेमतेम दीड इंच फोकसमध्ये राहतं. नट श्वास घेऊन पुढे झुकला की डोळा गेला, आणि या प्रसंगात तर तो चालत येतोय. एफ ४ ला साधारण तीन इंच मिळतात. तरी फोकस ओढणारा माणूस वेगळा लागेलच, म्हणून घडीच्या दोन्ही भेटींच्या जागी जमिनीवर मार्क लावा.

ॲक्सिस तुम्हाला माहीत असेलच: दोघांच्या नाकांना जोडणारी रेघ, कॅमेरा तिच्या एकाच बाजूला. इथे धोका असा की घडी घालताना नट नकळत गोल फिरतात आणि रेघही त्यांच्याबरोबर फिरते. बाप चौकटीच्या डावीकडे असला तर शेवटपर्यंत डावीकडेच, हे मार्कने बांधून टाका. फिरवायचंच असेल तर मास्टरमध्ये, प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत फिरवा.

कंटिन्युइटीवाल्याकडे एकच तक्ता द्या: कोणत्या शब्दाला कोणती घडी आणि कोणता हात वर. बाकी शर्टाची बटणं वगैरे मोबाइलवर फोटो काढून भागतं. घडी मात्र चुकली तर एडिटला तोडगा नाही, ‘भंगारवाला’ला एका शॉटमध्ये चादर अर्धी आणि दुसऱ्यात पाव. प्रत्येक टेकला दुसरी चादर घ्या, सहा-आठ एकसारख्या आणि आधी एकदा उलगडलेल्या. कोऱ्या चादरीवर दुकानातल्या घडीची रेघ असते, ती क्लोजमध्ये दिसते.

उजेडाचं थोडक्यात. शेडमध्ये ट्यूबलाइट असतात आणि आपली वीज ५० हर्ट्झची आहे. २५ फ्रेम ठेवा, शटर १/५०. २४ फ्रेम हवी असेल तर १/४८ नको, १/५० च घ्या, म्हणजे ट्यूब लपलपणार नाहीत. खिडकीवर ट्रेसिंग पेपर, समोरून थर्माकोल. मास्टर ऊन हवं त्या कोनात असताना घ्या, क्लोज नंतर दिव्यावर जुळवता येतात. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि आवाजासाठी पंखे बंद लागतील. तेव्हा सकाळी ६ ला पहिला क्लॅप पडेल असं बघा. घाम हवा असेल तर तो मेकअपने लावा, खरा घाम प्रत्येक टेकला वेगळा असतो.

आता सगळ्यात जास्त बिघडणारी गोष्ट, आवाज. चालू मागाशेजारी संवाद घ्यायचा विचार सोडा. तिथे कामगारसुद्धा हातवारे करून बोलतात. तुमचे माग बंद ठेवले तरी शेजारचा कारखाना चालू असेल, तर भिंतीतून आणि जमिनीतून घरघर येत राहते. ती एकसारखी नसते, त्यामुळे कट केला की उडी ऐकू येते. आसपासच्या कारखान्यांची सुट्टी कधी ते आधी विचारून तोच दिवस धरा. रेकीला, म्हणजे जागा पाहायला, त्याच वारी, त्याच वेळेला जा, डोळे मिटून पाच मिनिटं बसा, हेडफोन लावून. पत्र्याचं छप्पर ऊन चढलं की तडतडतं, ते सकाळी नऊला कळत नाही, साडेअकराला कळतं. शेड जमलीच नाही तर जुन्या पेठेतलं माळवदाचं घर पाहा. जाड मातीच्या भिंती रस्ता बऱ्यापैकी अडवतात आणि घडी घालायला ओसरी पुरते.

शेडच्या उघड्या भिंती आणि फरशीमुळे आवाज घुमतो. त्यावर उपाय तुमच्या हाताशी ढिगाने आहे. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या भिंतींवर दुहेरी चादरी चुण्या पाडून, भिंतीपासून तीन-चार इंच सोडून टांगा आणि फरशीवर गालिच्यासारख्या पसरा. यामुळे घुमणं कमी होतं, बाहेरच्या रिक्षाचा आवाज कमी होत नाही. हा घोटाळा बरेच जण करतात.

बूम वरून, चौकटीच्या काठाला लागून, तोंडापासून दोन फुटांच्या आत, टोक छातीकडे रोखलेलं. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाचा माथा उणे १२ डेसिबलच्या आसपास. लेपल सदऱ्याच्या आत लावलं तरी चादर छातीशी आली की खरखरणार, म्हणजे नेमकं शेवटच्या वाक्याला. त्या वाक्यापुरता बूमच खरा. शिवाय प्रत्येक सेटअपनंतर दोघांकडून नुसती वाक्यं, कॅमेरा बंद, चादर न हलवता, एकदा बोलून घ्या. डबिंगची वेळ आली तर तोच आधार. क्लोज घेताना दोघांनी एकमेकांच्या शब्दावर शब्द चढू द्यायचे नाहीत, पाव सेकंदाची फट ठेवायची. एकमेकांना तोडणं एडिटमध्ये करता येतं. टेकमध्येच चढलेला शब्द मात्र कुठेच कापता येत नाही.

आणि प्रसंगाच्या मागे माग चालू असल्याचं दाखवायचं असेल तर एक गोष्ट शूटिंगच्या आधीच ठरवावी लागेल. माग नंतर मिसळायचा असला तरी नटांनी तो ऐकू येतोय असं धरून बोललं पाहिजे. टेकच्या आधी अर्धा मिनिट माग खरंच चालवा, त्यावर एक-दोन वाक्यं बोलायला लावा, बंद करा आणि त्याच पट्टीत टेक घ्या. ‘पलीकडे आई झोपलीये’ ही सूचना तेव्हा रद्द. शांत शेडमध्ये कुजबुजलेले संवाद आणि वर नंतर टाकलेला मागाचा खडखडाट, हे जोडकाम कुठलाही मिक्सर करून देऊ शकत नाही. माझं मत विचाराल तर माग बंदच ठेवा. बंद मागांच्या मधोमध बोलणारा बाप जास्त काही सांगतो, आणि तुमचा दिवसही वाचतो.

एडिटला बसलात की पहिला जोड बोलणाऱ्यावर कापून करा, म्हणजे वाक्यं लागली की नाही ते कळेल. मग दुसरा जोड करा आणि त्यात प्रत्येक महत्त्वाचं वाक्य ऐकणाऱ्यावर न्या. ‘किती देतोय?’ सुरू होताना चित्र मुलावर असलं पाहिजे, बापाच्या तोंडावर नाही. ‘भंगारवाला’चा ‘भं’ बापावर आणि ‘वाला’ मुलावर पडला तर काय होतं ते लावून बघा. क्लोज ‘कोण?’ येईपर्यंत वापरूच नका. सुरुवात मास्टरमध्ये, टोकाटोकीला सजेशन, आणि पहिला क्लोज ‘कोण?’ला. आधीच क्लोज खर्च केले तर त्या शब्दाला द्यायला तुमच्याकडे काही उरत नाही. शांतता किती लांब ठेवायची हे आवाज बंद करून ठरवा: फक्त चित्रावरून कोण वरचढ आहे ते कळत असेल तितकी. हा थांबा वाढवायला मुलाच्या क्लोजमधला कुठलाही टेक चालतो, अगदी क्लॅपच्या आधीचे दोन सेकंदसुद्धा, नट बेसावध असतो तेव्हाचे.

त्या वाढवलेल्या थांब्यात भरायला शेडची शांतता लागते. ती त्याच दिवशी, सगळे जागेवर गप्प उभे असताना, दिवे चालू ठेवून, पूर्ण मिनिटभर घ्या, आणि दुपारी पत्रा तापल्यावर पुन्हा एकदा, कारण सकाळची शांतता दुपारच्या शॉटखाली बसत नाही. मागांचा आवाजही वेगळा घ्या: जवळून, दाराबाहेरून, सुरू होताना आणि बंद पडताना. चित्रपटात पुढेमागे तो लागेलच, आणि तेव्हा शेड पुन्हा मिळेलच असं नाही.